कर्ज पुनर्रचनेच्या काळात आयकर परतावा परस्पर वळता करू नये : काशीद परिसरातील कर्जदार व्यावसायिकांचे निवेदन

दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड
तथा अध्यक्ष, जिल्हास्तरीय सल्लागार समिती (बँक), अलिबाग

विषय : पुनर्रचित कर्जाचे हप्ते नियमित भरणाऱ्यांचा आयकर परतावा बँकांनी कर्जखाती वळता करण्याबाबत.

महोदय,

आम्ही काशीद व लगतच्या गावांत घरगुती निवास आणि खानावळी चालवणारे, तसेच गाड्या भाड्याने लावणारे व्यावसायिक आहोत. टाळेबंदीने आमचा २०२० चा उन्हाळी हंगाम बुडवला. त्यापाठोपाठ ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने पत्रे, कौले आणि सुपारीच्या वाड्या नेल्या. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२० आणि मे २०२१ च्या योजनांखाली आमच्यापैकी अनेकांच्या कर्जांची पुनर्रचना झाली, मुदत वाढली, हप्ता उतरला. ती सवलत मिळाली नसती तर काही घरांवर जप्तीची नोटीस लागली असती, हे आम्ही विसरलेलो नाही. ठरलेले हप्ते आम्ही भरत आहोत.

तक्रार वेगळी आहे. विवरणपत्र भरल्यावर आयकराचा परतावा साधारण जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान बचत खात्यात येतो, आणि काही शाखांत तो त्याच दिवशी कर्जखाती वळता होतो. पासबुकात एका ओळीत जमा, पुढच्याच ओळीत नावे. आधी पत्र नाही, फोन नाही. विचारले तर ‘सिस्टीमने घेतले’ एवढेच उत्तर मिळते. सिस्टीमला नोटीस द्यायची कुणी, हा प्रश्न आम्ही शाखेत विचारून पाहिला आहे.

परतावा म्हणजे वरकमाई, असा समज दिसतो. तो चुकीचा आहे. समजा, एखाद्या भगिनीची वर्षाची उलाढाल १२ लाख रुपये आहे. त्यातले ३ लाख एका कंपनीशी केलेल्या खोल्यांच्या वार्षिक कराराचे. कंपनी त्यावर १० टक्के, म्हणजे ३०,००० रुपये उद्गम करकपात करून उरलेले देते. अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने ६ टक्के नफा धरला तर तिचे करपात्र उत्पन्न ७२,००० रुपये भरते आणि कर शून्य. त्यामुळे ते ३०,००० पूर्ण परत मिळतात. बँकेने नवा हप्ता ठरवताना मात्र उलाढाल १२ लाखच धरली होती, कापलेले ३०,००० वजा केले नव्हते. म्हणजे त्या पैशाच्या जोरावर हप्ता आधीच वाढवून घेतलेला आहे. परतावाही घेतला तर एकाच उत्पन्नावर दोनदा वसुली होते.

पर्यटन पोर्टलांवरच्या आरक्षणाची कपात १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्का झाली, त्यामुळे हा प्रश्न आता किरकोळ राहिला, असे शाखेत सांगण्यात येते. पोर्टलपुरते ते खरे आहे. पण कंपन्यांकडे कंत्राटाने गाडी लावणाऱ्याची १ टक्का आणि वार्षिक कराराच्या खोल्यांची १० टक्के कपात आजही होते. शिवाय परतावा येतो तो नेमका पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, खोल्या रिकाम्या आणि दारात गणपती. दिवाळीच्या गर्दीआधी गाद्या, रंगकाम, पंपाची दुरुस्ती याच पैशातून होते. तो गेला की हंगामाची सुरुवातच उसनवारीने होते, आणि त्याचा फटका पुढे बँकेच्याच हप्त्याला बसतो.

कायद्याची बाजू आम्ही तपासली आहे. आयकर कायद्याच्या कलम २४५ नुसार खात्याला परतावा केवळ कराच्या थकबाकीत समायोजित करता येतो, आणि तोही करदात्याला आधी लेखी कळवून. सरकारी खात्यावर पूर्वसूचनेचे बंधन आहे. बँका मात्र करार कायद्याच्या कलम १७१ मधील धारणाधिकाराकडे आणि समायोजनाच्या हक्काकडे बोट दाखवतात. दुसऱ्या बँकेचे खाते परताव्यासाठी द्यावे, तर सर्व जमा याच शाखेतून करण्याची अट मंजुरीपत्रात असते. नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये व्यक्तीसाठी परतफेड योजनेची तरतूद आहे. पण १ डिसेंबर २०१९ पासून ती लागू झाली ती फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना. आमच्यासारख्यांना उरतो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. शंभरी उलटलेल्या त्या कायद्यासाठी काशीदच्या खानावळवाल्याने वकील लावावा, ही अपेक्षा व्यवहार्य नाही.

अमेरिकेत ‘चॅप्टर १३’ खाली तीन ते पाच वर्षांची परतफेड योजना न्यायालय मंजूर करते. तिथे अनेकदा परतावा विश्वस्ताकडे भरावा लागतो, म्हणजे नियम आमच्यापेक्षा कडक. पण ते आधी ठरलेले असते आणि निकडीच्या खर्चासाठी परतावा ठेवून घेण्याची परवानगी मागता येते. आमच्या मंजुरीपत्रांत परताव्याचा उल्लेखच नाही.

बँकांना थेट आदेश देणे आपल्या अधिकारात नाही, याची आम्हाला कल्पना आहे. पण समितीचे अध्यक्ष म्हणून हा विषय सर्व बँकांसमोर ठेवणे आपल्याला शक्य आहे. आमच्या मागण्या अशा :

१. पुनर्रचना किंवा तडजोडीच्या प्रत्येक पत्रात परताव्याचे काय होणार, हे मराठीत स्पष्ट लिहावे. जुन्या कर्जांसाठी पुरवणी पत्र द्यावे.

२. ठरलेले हप्ते चालू असतील तोवर परताव्याला हात लावू नये. हप्ता थकला असेल तर बँकेचा हक्क आम्ही नाकारत नाही. मात्र १५ दिवसांची लेखी सूचना द्यावी, फक्त थकलेल्या हप्त्याएवढीच रक्कम घ्यावी आणि ती दंडाच्या आकारात न जिरवता हप्त्यातच जमा धरावी.

३. सूचनेविना आजवर वळत्या केलेल्या परताव्यांचा खातेनिहाय तपशील प्रत्येक कर्जदाराला द्यावा. ज्यांचा हप्ता त्या दिवशी थकीत नव्हता, त्यांची रक्कम बचत खाती परत करावी.

४. गाड्या कंत्राटाने लावणाऱ्यांना कलम १९७ खाली कमी कपातीचा दाखला कसा मिळवावा, यासाठी आयकर खात्याच्या मदतीने मुरूड येथे शिबिर घ्यावे. मुळात कपातच कमी झाली तर निम्मा वाद मिटेल.

यांपैकी दुसरी मागणी सर्वांत निकडीची आहे. समितीच्या येत्या तिमाही बैठकीच्या विषयपत्रिकेवर ती घ्यावी, बैठकीस आमच्या दोन प्रतिनिधींना बोलवावे आणि झालेला निर्णय आम्हाला लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
काशीद परिसरातील कर्जदार व्यावसायिक
(सह्यांची यादी व पासबुकांच्या छायाप्रती सोबत)

प्रत माहितीसाठी : अग्रणी जिल्हा व्यवस्थापक, रायगड, तहसीलदार, मुरूड