एक्स्पोर्टचे बटण कोणाकोणाकडे?

१७ जून २०२१ च्या रात्री एचबीओ मॅक्स या अमेरिकी मनोरंजन सेवेच्या असंख्य ग्राहकांना एक ईमेल आला. विषयाच्या जागी 'इंटिग्रेशन टेस्ट ईमेल क्रमांक १', आणि आत हा मजकूर फक्त चाचणीसाठी आहे अशा अर्थाची एक कोरडी ओळ. ना नव्या मालिकेची जाहिरात, ना सवलत. कंपनीने लगेच ट्विटरवर कबूल केले की लोक इंटर्नच्या नावाने विनोद करत आहेत, आणि हो, तो इंटर्नच होता. मग सहानुभूतीचा पूर आला. मोठ्या पदांवरच्या मंडळींनी नोकरीतल्या आपापल्या फजित्या सांगून त्या अनामिक उमेदवाराला धीर दिला. हे सगळे छानच झाले, पण शिकायला आलेल्या माणसाच्या हातून खऱ्या ग्राहकांच्या यादीवर ईमेल सुटूच कसा शकला, हा प्रश्न त्या गलबल्यात बाजूलाच राहिला.

त्या कंपनीचे नुकसान तसे काहीच झाले नाही. चुकीचा ईमेल गेला की पाच मिनिटांत गावभर कळते, माफी मागता येते, हसून सोडून देता येते. मार्केटिंग ऑटोमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये खरी काळजी करावी असे बटण वेगळेच आहे. ते दाबल्यावर आवाज होत नाही, कोणाच्या इनबॉक्समध्ये काही पडत नाही. लाखभर लोकांची नावे, मोबाइल क्रमांक, ईमेल आणि खरेदीचा इतिहास एका एक्सेल फाइलमध्ये उतरतो आणि फाइल पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर चालू लागते. त्या बटणाचे नाव एक्स्पोर्ट.

'तुमच्या कार्टमध्ये कुर्ता राहिला आहे' असा निरोप मध्यरात्री पाठवणारी यंत्रे म्हणजे हीच मार्केटिंग ऑटोमेशनची सॉफ्टवेअर. यांतली काही आपल्याच दारची आहेत. नेटकोअर, क्लेव्हरटॅप आणि वेबएंगेज या तिन्ही कंपन्या मुंबईत उभ्या राहिल्या. अमेरिकेतल्या हबस्पॉट आणि मेलचिंपलाही इथे ग्राहक आहेत. साड्यांच्या दुकानात बिल करताना सांगितलेला नंबर किंवा फ्लॅटच्या प्रदर्शनात भरलेला फॉर्म अशाच एखाद्या यादीत जाऊन बसतो. त्यामुळे कोणाला काय पाहता यावे, काय पाठवता यावे आणि काय उतरवून घेता यावे, हा आयटी विभागाचा खासगी मामला राहत नाही.

याद्या बाहेर कशा जातात, याचा धडा मार्च २०२२ मध्ये लागोपाठ दोनदा मिळाला. १८ मार्चला हबस्पॉटच्या एका कर्मचाऱ्याचे खाते परक्यांच्या हाती पडले आणि ग्राहककंपन्यांच्या याद्या उतरवल्या गेल्या. कंपन्या तीसपेक्षा कमी, पण निवड नेमकी होती. ब्लॉकफाय, स्वान बिटकॉइन अशी क्रिप्टो व्यवहारांतली नावे त्यांत होती. आठवडाभराने मेलचिंपच्याही लक्षात आले की आपल्या कर्मचाऱ्यांना बोलण्यात गुंतवून कोणीतरी ग्राहकसेवेसाठीच्या अंतर्गत साधनापर्यंत पोचले आहे. ३१९ खाती न्याहाळली गेली होती आणि १०२ खात्यांमधल्या याद्या बाहेर गेल्या होत्या.

त्यांतली एक यादी ट्रेझर या चेक कंपनीच्या वार्तापत्राची होती. ही कंपनी क्रिप्टो चलन जपून ठेवण्याची छोटी उपकरणे बनवते. तिच्या ग्राहकांना थोड्याच दिवसांत ईमेल आले की कंपनीची सुरक्षा भेदली गेली आहे, तातडीने नवे अ‍ॅप उतरवून घ्या. अ‍ॅप बनावट होते आणि ते ग्राहकाकडे त्याच्या सगळ्या ठेवीचा गुप्त शब्दसंच मागत होते. चोरीची खबर देण्याच्या मिषाने चोरी करायची, एवढा हा डाव बिनतोड. पत्ते खरे, त्या पत्त्यांवरची माणसे खरोखरच त्या कंपनीची ग्राहक, मग शंका कोणाला येणार? मेलचिंपवर ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा तीच वेळ आली, २१४ खाती. डिजिटलओशन या कंपनीने त्यानंतर मेलचिंपची सेवाच सोडली. जानेवारी २०२३ मध्ये तिसऱ्यांदा, १३३ खाती.

या प्रत्येक वेळी हल्लेखोर आत आले ते कर्मचाऱ्यांना आधीच दिलेल्या अधिकारांवर स्वार होऊन. मदत करणाऱ्याला ग्राहकाचे खाते पाहावे लागते, हे समजण्यासारखे आहे. पण पाहता येते म्हणून पूर्ण यादी उतरवताही यावी, याला काय आधार? कामापुरताच अधिकार द्यावा हे तत्त्व जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ सालीच लिहून ठेवले आहे. त्याचे भावंड सहकारी बँकेतला कारकूनही ओळखतो: एकाने नोंद करायची, दुसऱ्याने पास करायची, मेकर आणि चेकर. मुंबईत पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा २०१८ मध्ये उघड झाला, तेव्हाही ही रीत कागदावर शाबूत होती.

इथल्या लहान-मध्यम कंपन्यांत मात्र चित्र असे दिसते: लॉगिन एक, वापरणारे सहा, आणि ओटीपी मालकाच्या फोनवर. 'साहेब, ओटीपी सांगा' ही हाक दिवसातून अनेकदा उठते आणि साहेब मीटिंगमधूनही आकडे सांगतात, कारण काम अडायला नको. यात कोणी लबाड नसतो. पण उद्या यादी बाहेर गेली, तर नोंदवहीत सहाही जणांच्या जागी एकच नाव सापडेल, आणि तेही बहुधा साहेबांचेच.

नोकरी सोडून गेलेल्यांचे तर विचारूच नये. ब्रिटनमधल्या एचएमव्ही या संगीतविक्रेत्या कंपनीने ३१ जानेवारी २०१३ रोजी कर्मचारी कपात केली, तेव्हा आतल्याच कोणीतरी अधिकृत ट्विटर खात्यावरून कपातीच्या बैठकीचे धावते वर्णन सुरू केले. ट्विटर बंद कसे करायचे, असे मार्केटिंगचे संचालक विचारत असल्याचेही त्याच खात्यावरून जगाला समजले. नारळ आधी दिला आणि चाव्या मागायच्या राहून गेल्या. आपल्याकडे निरोपसमारंभात लॅपटॉप आणि ओळखपत्र आठवणीने परत घेतात, तर जाहिरात एजन्सीतल्या कोणा फ्रीलान्सरला दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीपुरता दिलेला 'अ‍ॅडमिन' अधिकार तसाच राहतो.

दोष एकट्या ग्राहककंपन्यांचा नाही. एकच लॉगिन वाटून वापरण्यामागे साधा हिशेब असतो: अनेक सॉफ्टवेअर माणशी पैसे आकारतात. त्यावर कडी म्हणजे बारीक अधिकार ठरवण्याची सोय बहुधा महागड्या योजनेत असते. मेलचिंपमध्ये मजकूर तयार करणारा पण पाठवू न शकणारा 'ऑथर' आणि फक्त अहवाल पाहणारा 'व्ह्यूअर' अशा शहाण्या भूमिका आहेत. स्वस्त योजना घेणाऱ्याच्या वाट्याला मात्र त्यांतल्या कमीच येतात. म्हणजे संगणकाचा जाणकार ठेवणे ज्याला परवडत नाही, त्याच्याच हाती सगळ्यांत सैल व्यवस्था. रंगीत टेम्पलेटसाठी जादा पैसे जरूर घ्यावेत. कोणाला एक्स्पोर्ट करता येणार नाही हे ठरवण्यासाठी पैसे मागणे अन्यायाचे आहे, कारण फाइल फुटली की नुकसान त्यात नंबर असलेल्या माणसाचे होते, आणि त्याला कोणती योजना घ्यायची हे कोणी विचारलेले नसते.

कायदा या दिशेने सरकतो आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नियम डेटापर्यंत कोण पोचू शकते यावर नियंत्रण मागतात आणि कोण पोचले याच्या नोंदी वर्षभर ठेवायला सांगतात. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. सहा जणांच्या एका लॉगिनमधून अशी नोंद निघणार कशी? नोंद असेल, माणूस नसेल.

मुदत संपायची वाट न पाहता करता येण्याजोगी कामे एका दुपारची आहेत. वापरकर्त्यांची यादी उघडावी; त्यात अनोळखी दोन-चार नावे बहुधा निघतीलच, ती काढावीत. एक्स्पोर्टचा अधिकार दोघांपुरता ठेवावा. हबस्पॉटमध्ये त्या कंपनीच्याच कर्मचाऱ्यांना आपल्या खात्यात येऊ द्यायचे की नाही, हे ग्राहकाला ठरवता येते. ती कळ गरज नसताना बंद असावी. अवघड जाईल ते एकच, साहेबांना सांगणे. अधिकार काढला की मान गेला असे आपल्याकडे धरले जाते, म्हणून कंपनीत सगळ्यांत जास्त अधिकार आणि सगळ्यांत कमी वापर असलेले खाते अनेकदा मालकाचेच असते. सोमवारी सकाळी किती ईमेल उघडले गेले हा आकडा पाहण्यापलीकडे त्यांना त्या सॉफ्टवेअरमध्ये काही करायचे नसते, आणि तेवढ्याला 'व्ह्यूअर' पुरतो.