‘काही आढळले नाही’ याचा अर्थ कोणी लिहायचा?

जबलपुरात न्याय आणि संगणक या दोन्ही विद्या शेजारी नांदतात. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ येथे आहे. २००५ मध्ये स्थापन झालेली पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या नावाची भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था येथे आहे आणि २०१८ पासून धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. या दोन वर्गखोल्यांना एकत्र आणणारा एक प्रश्न आता उभा राहिला आहे: जप्त संगणकाची तपासणी एआय एजंटाच्या मदतीने होऊ लागली, तर त्याच्या हाती दिलेल्या साधनांची माहिती कोणी आणि कशी लिहायची?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. ऑटोप्सी किंवा व्होलॅटिलिटी यांसारखी तपाससाधने वर्षानुवर्षे वापरणाऱ्या तज्ज्ञाला त्यांच्या मर्यादा अनुभवाने ठाऊक असतात. एजंटाला तो अनुभव नसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलसारख्या पद्धतीत त्याला साधनाचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती पुरवायची याचा आराखडा एवढेच दिसते. कोणते साधन केव्हा वापरायचे आणि उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे तो मुख्यतः त्यावरूनच ठरवतो.

समजा, वर्णनात ‘फाइलींमध्ये शब्द शोधते’ इतकेच लिहिले आहे. पुसलेल्या फाइली त्यात येतात का? झिप फाइलींच्या आतला मजकूर? कूटबद्ध भाग? वर्णन गप्प आहे. शोधाची यादी रिकामी येते आणि एजंट अहवालात लिहितो की, ‘असा मजकूर या संगणकावर नाही.’ वास्तविक ‘जेवढा भाग वाचता आला, तेवढ्यात मजकूर सापडला नाही’ एवढेच म्हणता आले असते. या दोन वाक्यांतील अंतर एखाद्याला दोषी किंवा निर्दोष ठरवू शकते.

वेळेचेही तसेच. विंडोजची एनटीएफएस पद्धत फाइलीची वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदवते; अनेक पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांवरील फॅट पद्धत स्थानिक वेळ लिहिते आणि प्रमाणवेळेचा उल्लेखही ठेवत नाही. साधन कोणती वेळ दाखवते हे वर्णनात नसेल, तर साडेपाच तासांची चूक सहज घडते.

वेळ आणि पुरावा यांचे नाते किती नाजूक असते, हे मराठवाड्यातील एका खटल्याने देशाला दाखवले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ च्या मुदतीनंतर दाखल झाले काय, हा वाद होता आणि निवडणूक कार्यालयातील चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आले. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ उपकरण सादर होत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. तेथील वाद प्रमाणवेळेचा नव्हता. पण दुपारचे ३ जागतिक प्रमाणवेळेत सकाळचे साडेनऊ होतात, हे ध्यानात घेतले की वर्णनातील एका गाळलेल्या शब्दाचे मोल कळते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्रात नोंदीचे हॅश मूल्य आणि ते काढण्याची पद्धत द्यावी लागते. त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. हॅश मूल्य जुळले म्हणजे नोंद बदललेली नाही, एवढे सिद्ध होते. तिचा अर्थ बरोबर लावला गेला, हे नव्हे. म्हणून ज्या वर्णनाच्या आधारे एजंटाने साधन निवडले, ते वर्णन त्याच्या आवृत्तीसह अहवालासोबत जतन झाले पाहिजे. स्वाक्षरी करणाऱ्या तज्ज्ञाला उलटतपासणीत उत्तर द्यायचे असते, एजंटाला नव्हे.

मोठी वर्णने एजंटाला गोंधळात टाकतात, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. पण मागणी लांबीची नाही, नेमकेपणाची आहे. साधन काय वाचते, काय वाचत नाही, वेळ कोणत्या प्रमाणात देते, रिकाम्या उत्तराचा अर्थ काय आणि शोध अर्धवट राहिला तर ते कसे कळते, ही पाच वाक्ये पुरतात. प्रारूपे अधिक हुशार होतील, हेही खरे. परंतु जी माहिती कोणी दिलीच नाही, ती हुशारीने कशी मिळणार? वर्णनाचीही एक मर्यादा आहे. ‘मूळ प्रतीत बदल करू नये’ ही सूचना शब्दांवर सोडून चालणार नाही. तसा बदल अशक्य करण्याची व्यवस्था प्रणालीतच हवी.

वर्णन चांगले आहे की नाही, हे तपासण्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. जबलपूरच्या तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्याने लिहिलेले वर्णन विधी विद्यापीठातील विद्यार्थिनीने वाचावे आणि यादी रिकामी आली तर त्यावरून काय सिद्ध होते, हे सांगावे. तिला सांगता आले नाही, तर एजंटालाही कळलेले नसते. फरक इतकाच की ती थांबून विचारील, आणि तो कदाचित अहवाल लिहून मोकळा होईल.