ज्याला जी बोली येते, त्या बोलीत लिहू द्या!

बागलाण-कळवणच्या कांदा उत्पादक भावाबहिणींनो,

आपल्या व्हॉट्सॲप गटावर एका शेतकऱ्याने अहिराणीत विचारलं होतं, ‘कांदानी पात पिवयी पडी ऱ्हायनी, काय मारू?’ खाली ॲडमिनचं उत्तर आलं, ‘कृपया शुद्ध मराठीत लिहा.’ त्याखाली कुणीतरी हसण्याचे तीन चेहरे टाकले. करपा की पाण्याचा ताण, फवारायचं की थांबायचं, हे कुणीच सांगितलं नाही. तो गडी त्यानंतर गटावर एक अक्षर बोललेला नाही.

म्हणे, शुद्ध मराठीचा नियम सगळ्यांना कळावं म्हणून आहे! खरं सांगा, त्या वाक्यातला कुठला शब्द ॲडमिनला कळला नाही? घरी आईशी ते याच बोलीत बोलतात. न कळल्याचा प्रश्नच नव्हता, लाज वाटण्याचा होता.

२०११ च्या जनगणनेत खानदेशी ही स्वतंत्र भाषा म्हणून मोजली आहे, बोलणारे १८ लाखांहून जास्त, आणि अहिराणी त्यातच येते. सरकारी कागदावर जी भाषा, ती आपल्या गटावर ‘अशुद्ध’! ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा याच गटावर अभिनंदनाचा पाऊस पडला होता. त्या दर्जासाठी पुरावा कोणता दिला? महाराष्ट्री प्राकृत, ‘गाथासप्तशती’. म्हणजे संस्कृताच्या शेजारी उभी राहिलेली लोकांची बोली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बोलीचा अभिमान बाळगायचा आणि शेजारच्या शिवारातल्या बोलीला हसायचं, हे कुठलं मराठीपण?

सुरगाण्याकडचे कोकणा बोलणारे भाऊ नुसतं वाचतात, लिहीत नाहीत. सुरतेला गेलेली आपली पोरं गुजराती मिसळून लिहितात, त्यांनाही टोमणे बसतात. लिहिता न येणाऱ्या म्हाताऱ्यांचे आवाजी निरोप तर कुणी ऐकतच नाही. कांद्यातलं सर्वात जास्त त्यांनाच कळतं, हे वेगळं सांगायला नको.

एखादा शब्द अडला तर विचारा, ज्याला कळला त्याने दोन ओळींत मराठीत सांगावं. एवढ्यानं भागतं. मराठीला यानं काहीही होत नाही.

आमची मागणी एकच: शुद्ध मराठीचा नियम गटाच्या माहितीतून आजच काढा. आणि त्या पिवळ्या पातीचं उत्तर ज्याला ठाऊक असेल, त्याने अजूनही द्यावं. तो कांदा केव्हाच निघाला, पण पुढच्या लागवडीला कामी येईल.

– गटातलेच काही शेतकरी