रेषेचा स्नेह

चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या शासकीय परीक्षा महाराष्ट्रातील बहुतेक सुशिक्षित घरांस परिचित आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे विषय मुले शिकवणीस जाऊन घोटतात, आणि परीक्षा उतरली म्हणजे शालान्त परीक्षेत काही वाढीव गुण पदरी पडतात. पण मग पुढे काय? आम्ही राहतो त्या भांडुपात काय किंवा शेजारच्या मुलुंड-घाटकोपरात काय, ह्या प्रश्नाचे उत्तर घरोघर एकच आढळते. गुण पदरी पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. ज्या मुलाचा हात कागदावाचून क्षणभर राहत नसे, त्याच मुलास दहावीच्या वर्षी कागदावर रेघ ओढताना पाहून वडील मंडळी विचारतात, “आता हे कशाला?”

ह्या “कशाला”चा विचार आज कर्तव्य आहे.

कालिदासाच्या शाकुंतलातील सहावा अंक आमच्या वाचकांस आठवत असेलच. दुष्यंत हा काही चित्रकलेवर उदरनिर्वाह करणारा नव्हे. तथापि शकुंतलेचा त्याग करून बसल्यावर तो तिचे चित्र काढतो आणि ते पुरे झाले असे त्यास वाटतच नाही. मालिनी नदीच्या वाळूत हंसांचे जोडपे हवे, हिमालयाच्या पायथ्याशी हरिणे हवीत, काळविटाच्या शिंगावर आपला डोळा घासणारी मृगी हवी, तिच्या कानावर शिरीषपुष्प हवे, असे एकेक त्यास सुचत जाते. जो मनुष्य प्रत्यक्ष पत्नीस विसरला होता, त्यास चित्र काढू लागताच तिच्या आश्रमातील बारीकसारीक गोष्टीही आठवतात! चित्र काढण्याचे हे मर्म कवीने अचूक हेरले आहे. आपण नुसते पाहतो तेव्हा पुष्कळ गोष्टी डोळ्यांसमोरून निसटतात. त्याच गोष्टी काढावयास बसलो की त्यांच्यापाशी थांबावेच लागते.

आता अर्वाचीन काळाकडे येऊ. १९२५, १९२६ आणि १९२७ अशा लागोपाठच्या तीन वर्षांत आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या आसपास तीन मुले जन्मास आली, आणि तिघांनीही रेषेशी जन्माचा स्नेह जोडला. तिघांच्या वाटा मात्र निराळ्या होत्या.

पहिले शि. द. फडणीस. सीमाभागातील भोज गावी जन्मलेल्या ह्या मुलाने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतले व रेषेसच आपली वृत्ती केले. १९५२ साली ‘मोहिनी’ मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी एक तरुण व एक तरुणी शेजारी शेजारी उभी केली. दोघांपैकी एकाच्या वस्त्रावर मांजरांची नक्षी होती, तर दुसऱ्याच्या वस्त्रावर उंदरांची. चित्राखाली एकही शब्द नव्हता, तरी महाराष्ट्र हसला. आम्हां शिक्षकांस त्यांचे ऋण आणखी एका कारणास्तव वाटते. ‘बालभारती’च्या गणिताच्या पुस्तकांत त्यांनी चित्रे काढली, तेव्हा अंकांस भिणारी मुले आपण होऊन पाने उलटू लागली.

दुसरे मारिओ मिरांडा. जन्म दमणचा, घराणे गोव्यातील लोटली गावचे. लहानपणी त्यांनी घराच्या भिंती रेघोट्यांनी भरून टाकल्या. अशा वेळी सर्वसाधारण घरात काय घडते हे सांगावयास नको. मारिओंच्या मातोश्रींनी मात्र त्यांच्या हाती एक कोरी वही दिली. त्या वहीतून चित्रमय दैनंदिनीची सवय लागली. घरची माणसे, गावातील लग्ने, पाद्री, वाटेवर भेटलेले लोक, सारे तीत येऊ लागले. १९४९, १९५० व १९५१ ह्या सालांच्या त्यांच्या दैनंदिन्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही. त्यांची शाळा म्हणजे ती वही होय.

तिसरे वसंत सरवटे. ह्यांचे उदाहरण आमच्या वाचकांस सर्वांत उपयोगी पडेल. कोल्हापूरचा हा बुद्धिमान मुलगा स्थापत्यशास्त्राचा पदवीधर झाला आणि सिमेंट तयार करणाऱ्या ए. सी. सी. कंपनीत त्याने नोकरी केली. स्थापत्याची रेषा किती थोर असते हे भांडुपकरांस तरी सांगावयास नको. १८४३ साली जॉर्ज क्लार्क नामक सरकारी इंजिनिअर भांडुपास आले असता मुंबईहून ठाण्याकडे लोहमार्ग न्यावा ही कल्पना त्यांस प्रथम सुचली असे सांगतात. आणि १६ एप्रिल १८५३ रोजी येथूनच पहिली आगगाडी धावत गेली. परंतु ती रेषा मोजूनमापून काढावी लागते, कारण तिच्यावर भार यावयाचा असतो. सरवट्यांनी त्या विद्येवर संसार चालविला व आपली दुसरी रेषा मोकळी ठेविली. पु. ल. देशपांडे ह्यांच्या लेखनासाठी त्यांनी चित्रे काढली. ‘ललित’मध्ये जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळ’ ह्या टोपणनावास त्यांनी देह दिला. त्याच मासिकाच्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे अनेक वर्षे सजविली. २०१६ साली ते निवर्तले, तोवर ‘रेषालेखक’ हे बिरुद त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले होते. नोकरी की चित्रकला, असा पेच घालून बसणाऱ्या पालकांनी हे चरित्र अवश्य ध्यानी घ्यावे. दोन्ही गोष्टी एका आयुष्यात मावल्या.

कोणी म्हणेल, “हे तिघे असामान्य होते, आमचा बंडू काही सरवटे होणार नाही.” मान्य आहे. शंभरांतील नव्व्याण्णव मुले होणार नाहीत. परंतु आपण मुलास रामरक्षा शिकवितो ती त्याने कीर्तनकार व्हावे म्हणून नव्हे. आणि मुलगी तंबोऱ्यापाशी बसते तीही मैफली जिंकण्याकरिता नव्हे. काही गोष्टींशी मनुष्याचा संबंध स्नेहाचा असतो, आणि स्नेहाकडे कोणी हिशेब मागत नाही.

आणखी एक आक्षेप अगदी अलीकडचा आहे. संगणकास चार शब्दांची आज्ञा केली की तो क्षणात हवे तसे चित्र पुढे ठेवतो. मग हाताने काढावयाचे कशास? आमच्या मते ह्या यंत्राने प्रश्न उलट सोपा केला आहे. चित्र हवे असेल तर ते यंत्राकडून मिळेल. पण आजीच्या हातावरील सुरकुत्या काढताना नातवाने अर्धा तास तिच्याजवळ बसावे, तिचा हात कसा थरथरतो हे प्रथमच त्याच्या ध्यानी यावे, हे कोणत्याही यंत्राकडून मिळावयाचे नाही. दुष्यंताने आज्ञा देऊन दुसऱ्याकडून शकुंतलेचे चित्र करविले असते, तर त्यास ती काळविटापाशी उभी असलेली मृगी आठवली असती काय?

तेव्हा गृहिणींस व वडीलधाऱ्यांस आमची विनंती एवढीच की, परीक्षा आटोपल्यावर रंगपेटी माळ्यावर टाकू नये. एक साधी कोरी वही मुलाच्या हाताशी असू द्यावी. तीत गुण देऊ नयेत, पाहुण्यांपुढे ती नाचवू नये, आणि न विचारता उघडूही नये. अभ्यासाच्या वर्षी दिवसाकाठी पंधरा मिनिटे तीत गेली तर विद्येचे काही नुकसान होत नाही. घरातील एखाद्या काकांचा वा आत्याबाईंचा हात पूर्वी ह्या कामी चालत असेल, तर त्यांनीही शेजारी आपली वही घेऊन बसावे. साठीनंतर रेघ थोडी कापते इतकेच.