आशाताईच्या मनातली धास्ती

बाळंतिणीच्या घरी आशाताई वजनकाटा घेऊन शिरली की ओसरीवरून हमखास आवाज येतो, "काल आमच्यासंगं पऱ्हाटी वेचत होती, आज डॉक्टरीण झाली!" बोलणारा हसून मोकळा होतो. ऐकणारीच्या मनात मात्र ते बसते. मला खरंच येतं, की नुसतं सोंग चाललंय? उद्या उघडं पडलं तर?

ही धास्ती एकट्या आशाताईची नाही. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला, पोषण पुनर्वसन केंद्रातल्या आहारतज्ज्ञ मुलीलाही ती असते. पाच लेकरं वाढवलेल्या आजीला घुगरी कशी द्यावी हे सांगताना जीभ अडखळतेच. आम्हा कृषीवाल्यांना तर हे रोजचे. हाती पदविका, अन् समोर तीस पावसाळे शेतात काढलेला माणूस! 1978 साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी यावर लेख लिहिला, तोही उच्चशिक्षित, नावाजलेल्या स्त्रियांबद्दल. तेव्हा शिक्षण कमी म्हणून असे वाटते, हा समज सोडून द्यावा.

आणि कमी शिकलेल्या बाईला जमत नाही म्हणता, तर गडचिरोली जिल्हा बघा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून 39 गावांत, गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची तपासणी शिकवली. श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे, इतकेच काय, जेंटामायसिनचे इंजेक्शन देणेही. तिसऱ्या वर्षी, हे काम नसलेल्या गावांच्या तुलनेत, नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापले. 2011 पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्याचे मूळ इथे आहे. त्या बायकांना धीर कोणी भाषणाने दिला नव्हता. पुन्हापुन्हा सराव, अन् वरून तपासणारा माणूस, यातून तो आला.

शंका येणे वाईट नाही. पुस्तक परत उघडायला लावणारी शंका मला कधीही चालेल. गावातल्या बिनशंकेच्या झोलाछाप डॉक्टरापेक्षा ती बरी. पण जी तोंड बंद करते ती जीव घेते. 2017 च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, हे कोण विसरेल? फवारून आलेल्या माणसाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, उलटी, डोळ्याची बाहुली बारीक, आणि घरचे म्हणतात ऊन लागलं. अशा वेळी "मी कोण सांगणारी" म्हणून ताई गप्प बसली तर तास जातात. निदान करणे तिचे काम नाहीच. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या, 108 लावा, एवढे ठणकावून सांगायला डॉक्टरकी लागत नाही.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांना एक सांगणे आहे. ती असे सांगेल तेव्हा चार माणसांत तिच्या बाजूने बोला. "विचारून सांगते" म्हणाली तर हसू नका. तिचा काटा बिघडला असेल तर त्याची तक्रार वर कळवा, आणि फवारणी सुरू होण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राचा फोन नंबर पंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा.