डाकारचा निकाल आणि थकलेली भरपाई

चाडची राजधानी एन्जामेना इथे फ्रेंच अमदानीतला पोहण्याचा एक तलाव होता. हिसेन हाब्रे यांच्या राजवटीत (१९८२-९०) त्यावर काँक्रीटचे छत घालून खाली कोठड्या काढल्या आणि राजकीय पोलिसांनी त्यांत माणसे कोंबली. चाडच्याच चौकशी आयोगाने बळींचा अंदाज ४० हजार दिला. लिबियाचे हुकूमशहा गद्दाफी यांना शह म्हणून अमेरिका आणि फ्रान्स हाब्रे यांना पोसत होते, हेही विसरता कामा नये.

सत्ता गेल्यावर हाब्रे सेनेगलमध्ये राहिले. पीडितांनी तिथे तक्रारी केल्या, पण सरकारने वर्षानुवर्षे चालढकल केली. अखेर २०१२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बजावले: खटला चालवा, नाहीतर त्यांचा ताबा मागणाऱ्या बेल्जियमच्या हवाली करा. छळविरोधी करारात सामील झालेल्या देशाला सार्वभौमत्वाची ढाल पुढे करून आरोपीला पाठीशी घालता येत नाही. मग आफ्रिकी संघाच्या सहकार्याने सेनेगलच्या राजधानीत, डाकारमध्ये, खास न्यायालय उभे राहिले. त्याला मानायलाच तयार नसलेल्या हाब्रे यांना रक्षकांनी उचलून आणून बसवले आणि त्यांच्या तुरुंगांतून वाचलेल्यांनी त्यांच्यासमोर साक्षी दिल्या. ३० मे २०१६ रोजी जन्मठेप झाली.

अपिलात २०१७ मध्ये शिक्षा कायम राहिली आणि पीडितांना ८२ अब्ज सीएफए फ्रँकहून अधिक भरपाई मंजूर झाली. हाब्रे २०२१ मध्ये वारले. भरपाईसाठी मात्र पीडितांना वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागले. कित्येक जण वाट पाहतच गेले. हाब्रे यांना शस्त्रे पुरवणाऱ्या देशांनी आता भरपाईच्या निधीत आपला वाटा टाकलाच पाहिजे.