आधी परीक्षा बदला

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली कृतीतून शिक्षणाचा पुरस्कार केला, त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु गणित-विज्ञानाचे शालेय प्रकल्प आज पुष्कळदा दुकानातून विकत येतात, नाहीतर पालकांच्या हातून घडतात. हा दोष मुलांचा नव्हे, परीक्षेचा आहे. पाठांतरालाच गुण मिळत असता प्रयोगासाठी वेळ कोण खर्चील?

मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमाने हे मर्म ओळखले होते. तेथे मुले वर्गात स्वतः प्रयोग करीत. परीक्षेत पुस्तक उघडण्यास मुभा असे, पण प्रात्यक्षिक द्यावेच लागे. २००२ साली राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला. त्याचा धडा मात्र बाद झालेला नाही. शिक्षण खात्याने आधी परीक्षा बदलावी; तरच प्रकल्प मुलांच्या हाती येतील.